आगकाड्यांचे कारखाने आणि जबड्याचा रोग

स्वयंपाकघरातील शेगडीपाशी खटका दाबून ठिणगी पाडणारे साधन आले, तरी देवघरातील समईसाठी आणि दिवाळीच्या पणत्यांसाठी काडेपेटीच हाताशी लागते. ही क्षुल्लक वाटणारी पेटी थोडी निरखून पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. तिच्यातील काडी भिंतीवर, फरशीवर अथवा पायताणाच्या तळाला घासली तर सहसा पेटत नाही; पेटीच्या कडेला जो तपकिरी पट्टा असतो त्यावर घासली म्हणजे मात्र तत्काळ पेटते. पुष्कळांना ही कारखानदाराची एक क्लृप्ती वाटते. वस्तुतः तो पट्टा पेटीवर येऊन कायमचा बसेपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, आणि त्या काळात युरोपातील व अमेरिकेतील कित्येक कामगारांना आपल्या जबड्याचे हाड गमवावे लागले.

पट्ट्याचे रहस्य मोठे नाही. काडीच्या टोकास पोटॅशियम क्लोरेट हे प्राणवायू पुरविणारे द्रव्य, गंधक व सरस यांचा लेप असतो. पट्ट्यात तांबडा फॉस्फरस आणि काचेची पूड असते. दोहोंचा घर्षणाने संयोग झाला म्हणजे फॉस्फरसचा अतिसूक्ष्म कण पेट घेतो व क्लोरेट त्याची ज्वाला करते. पेटणारे व पेटविणारे अशी दोन द्रव्ये निरनिराळ्या जागी ठेवली आहेत, एवढीच त्यातील युक्ती. परंतु पूर्वीच्या काडीत तसे नव्हते. तिच्या टोकातच फॉस्फरस असे, व तोही तांबडा नव्हे, पांढरा.

फॉस्फरस हे मूलद्रव्य १६६९ साली हँबुर्ग शहरी हेनिग ब्रांट नामक किमयागाराला सापडले. तो शोधीत होता सोने, आटवीत होता मानवी मूत्र, आणि हाती आला अंधारात चमकणारा मेणासारखा पदार्थ! पुढे हाच पदार्थ जनावरांच्या हाडांच्या राखेपासून काढू लागले. पांढरा फॉस्फरस उघड्या हवेत साधारण तीस अंश उष्णतेसही पेट घेतो, म्हणून तो पाण्याखाली ठेवावा लागतो. त्याची वाफ सामान्य हवेतही निघत राहते व तिला लसणासारखा दर्प येतो. इंग्लंडात स्टॉक्टन गावच्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने १८२७ साली ज्या घर्षणाने पेटणाऱ्या काड्या विकावयास आरंभ केला, त्यांत फॉस्फरस नव्हता. पण त्या पेटविणे कष्टाचे असे. १८३० च्या सुमारास फ्रान्समधील शार्ल सोरिया याने लेपात पांढरा फॉस्फरस घातला आणि काडी कोठेही घासली तरी पेटू लागली. चकमक व कापूस घेऊन बसणाऱ्या जगाला हे वरदानच वाटले. थोड्याच वर्षांत युरोपात गावोगाव काड्यांचे कारखाने निघाले.

या कारखान्यांतील काम वरकरणी हलके असे. फॉस्फरस, सरस इत्यादींचे मिश्रण गरम करून ते सपाट पात्रात ओतावयाचे, चौकटीत बसविलेल्या लाकडी काड्यांची टोके त्यात बुडवावयाची, ती वाळवावयाची व शेवटी पेट्यांत भरावयाची. मिश्रण कालविणारे व काड्या बुडविणारे यांच्या नाकातोंडात वाफ सर्वांत अधिक जाई. पेट्या भरण्याचे काम बहुधा तरुण मुली व बायका करीत. त्यांच्या हातांस व पदरांस लेपाचा अंश लागे. अंधाऱ्या बोळातून घरी परतताना या मुलींचे कपडे मंद प्रकाशाने चमकत असल्याची वर्णने त्या काळच्या लिखाणात आढळतात. ज्या खोलीत काम, त्याच खोलीत जेवण, हा तेथील सर्वसाधारण परिपाठ होता.

रोगाचा प्रारंभ दातदुखीने होई. दाढ ठणके, गाल सुजे, दात काढला तरी जखम भरून येत नसे. मग हिरडीतून पू वाहू लागे, जबड्याच्या बाजूस नाडीव्रण पडे, आणि त्यातून आतले हाड उघडे दिसू लागे. हे हाड जिवंत नसे. त्याचा रक्तपुरवठा नष्ट होऊन ते शरीरात परक्या वस्तूसारखे पडून राही व सडत जाई. त्याची दुर्गंधी इतकी असह्य असे की घरची माणसेही रोग्याजवळ बसू शकत नसत. उपाय एकच, मेलेले हाड शस्त्रक्रियेने काढून टाकणे. खालचा सबंध जबडा गमावलेले रोगी पुढे पातळ अन्नावर जगत; ज्यांच्या शरीरात विष भिनले ते दगावत. इंग्लंडातील कामगार या व्याधीस ‘फॉसी जॉ’ म्हणत. मराठीत तिला फॉस्फरसचा जबडा म्हणावे.

शरीरात दोनशेहून अधिक हाडे असता रोग जबड्यालाच का धरी, हा प्रश्न त्या काळच्या वैद्यांनाही पडला होता. किडलेल्या दाताच्या छिद्रातून वाफ हाडात शिरते, हे त्यांचे उत्तर. त्यात तथ्य होते, पण ते अपुरे होते. यावर खरा प्रकाश पडला तो रोग नाहीसा झाल्यानंतर कित्येक दशकांनी, व अगदी अनपेक्षित दिशेने. उतारवयात हाडे ठिसूळ होतात त्यावर, आणि हाडांत पसरलेल्या कर्करोगावर, बिस्फॉस्फोनेट या वर्गाची औषधे दिली जातात. ही फॉस्फरसयुक्त औषधे घेणाऱ्या काही रोग्यांमध्ये दात काढल्यानंतर जबड्याचे हाड मरते, असे अमेरिकेतील शस्त्रवैद्य रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ साली निदर्शनास आणले. वर्णन वाचताच जुन्या वैद्यकीय ग्रंथांच्या अभ्यासकांना काड्यांच्या कारखान्यांचे स्मरण झाले. तोच नाडीव्रण, तेच उघडे हाड.

हाड हा दगडासारखा स्थिर पदार्थ नव्हे. जुना भाग खाऊन टाकणाऱ्या व नवा भाग बांधणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी त्यात अखंड काम करीत असतात. ही औषधे खाणाऱ्या पेशींना थोपवितात. हाड झिजत नाही हा त्यांचा लाभ. परंतु चर्वणाचा भार नित्य सोसणाऱ्या जबड्यात ही मोडतोड व डागडुजी इतर हाडांहून अधिक वेगाने चाललेली असते. ती थांबली म्हणजे झिजलेले हाड तसेच राहते. शिवाय दातांच्या रूपाने याच हाडाला तोंडातील असंख्य जंतूंच्या दिशेने उघडणारे दरवाजे आहेत. फॉस्फरसच्या वाफेपासून शरीरात याच जातीची संयुगे तयार होत असावीत, असे अनुमान काही शास्त्रज्ञांनी मांडले आहे. त्यास पुष्टी देणारी एक जुनी नोंदही आहे. काड्यांच्या कारखान्यातील कामगारांची मांडीची हाडे लहानशा निमित्ताने मोडतात, असे इंग्लंडातील एका वैद्याने १८९९ साली प्रसिद्ध केले होते. आणि ही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांतही क्वचित् मांडीचे हाड तसेच मोडते. औषध व विष यांतील भेद पुष्कळदा प्रमाणाचा व देखरेखीचा असतो. वैद्याच्या सल्ल्याने ती घेणाऱ्याने घाबरून सोडू नयेत. दातांची मोठी कामे आधी उरकून घ्यावीत, असे दंतवैद्य सांगतात ते एवढ्याचसाठी.

आता मूळ विषयाकडे वळू. हा रोग जगाला केव्हा समजला? व्हिएन्ना येथील लोरिन्सर या वैद्याने १८४५ साली काड्यांच्या कारखान्यातील नऊ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध करून फॉस्फरसच्या वाफेवर बोट ठेवले. त्याच सुमारास, त्याच व्हिएन्ना शहरी, आंटोन श्र्योटर या रसायनशास्त्रज्ञाने पांढरा फॉस्फरस हवेचा संपर्क टाळून तापविला असता त्याचा तांबडा फॉस्फरस होतो असे दाखविले. हिरा व कोळसा ही जशी एकाच मूलद्रव्याची दोन रूपे, तशीच ही दोन. परंतु तांबडे रूप सामान्य उष्णतेस वाफ सोडत नाही, सहज पेटत नाही व तितके विषारीही नाही. म्हणजे रोगाचे निदान आणि त्याचा समूळ उपाय हे एका शहरात, जवळजवळ एकाच वेळी, माणसाच्या हाती आले. स्वीडनमध्ये पाश याने पट्ट्याच्या काडीची कल्पना १८४४ सालीच काढली होती. ती सुधारून यंचेपिंगच्या लुंडस्ट्रम बंधूंनी तिला १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात पारितोषिक मिळविले. त्याच वर्षी लंडनच्या ‘ब्रायंट अँड मे’ या कंपनीने तिचे ब्रिटिश हक्क विकतही घेतले.

असे असून पांढऱ्या फॉस्फरसची काडी पुढे अर्धशतक जोमाने खपत राहिली. का? याचे एक उत्तर बाजारात आहे. कोठेही पेटणारी काडी स्वस्त होती, आणि गिऱ्हाइकाला ती सोयीची वाटे. ब्रायंट अँड मे कंपनी दोन्ही प्रकारच्या काड्या करी, पण खप जुन्या काडीचाच मोठा. दुसरे उत्तर मात्र रोगाच्या स्वभावातच आहे, व तेच अधिक विचार करण्याजोगे आहे. यंत्रात हात सापडला तर दिवस, घटका, यंत्र व साक्षीदार सर्व काही ठरलेले असते. वाफेने होणाऱ्या इजेला असा दिवसच नसतो. पहिल्या दिवसाची वाफ आणि पहिली कळ यांच्यामध्ये अनेकदा चार-पाच वर्षे जात. दरम्यान कामगार दुसऱ्या कारखान्यात गेलेला असे, मुलगी लग्न होऊन घरी बसलेली असे. शिवाय एकाच बाकावरच्या दहांपैकी सर्वांनाच रोग होत नसे; ज्याला होई त्याचे दात मुळात वाईट होते असे म्हणावयास जागा राही. दात दुखतो म्हणून जो सांगेल त्याने दात उपटून घ्यावा, नाहीतर काम सोडावे, असा दंडक काही कारखान्यांत होता. अर्थात दुखणे लपविण्याकडे कामगाराचा कल होई. रोग असा दोन्ही बाजूंनी झाकला जाई.

लंडनच्या बो भागातील याच कंपनीच्या कारखान्यात जुलै १८८८ मध्ये जो संप झाला, तो हिंदी वाचकाला एका कारणाने विशेष जवळचा वाटावा. संपापूर्वी थोडेच दिवस तेथील मुलींची स्थिती वृत्तपत्रात उघड करणारी बाई म्हणजे पुढे हिंदुस्थान हीच कर्मभूमी मानणाऱ्या, होमरूल चळवळीच्या प्रवर्तक व १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षा डॉ. अ‍ॅनी बेझंट. सुमारे चौदाशे मुली व बायका कामावरून उठल्या. येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. हा संप जबड्याच्या रोगाविरुद्ध होता असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते अर्धसत्य आहे. मुलींचा मुख्य कटाक्ष होता तो दंडावर. पाय मळलेले म्हणून दंड, बोलली म्हणून दंड, आणि तोही तुटपुंज्या मजुरीतून. दोन-तीन आठवड्यांत संप यशस्वी झाला, दंड बंद झाले, आणि जेवणासाठी निराळी जागा देण्याचे कंपनीने मान्य केले. या शेवटच्या मागणीचे महत्त्व त्यातल्या त्यात मोठे, कारण विष भाकरीबरोबर पोटात जाणे तेवढ्याने कमी होणार होते. पण मिश्रणातील फॉस्फरस होता तो तसाच राहिला. आजचा दंड आज दिसतो, पाच वर्षांनी पडणारा जबडा दिसत नाही. म्हणून जे डोळ्यांस दिसे त्याविरुद्ध त्या अर्धशिक्षित मुली उठल्या. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. जे त्यांना दिसत नव्हते ते पाहण्यासाठी वैद्य, संचालक व सरकार होते.

मुक्तिफौजेने १८९१ साली लंडनमध्येच स्वतःचा कारखाना काढून केवळ तांबड्या फॉस्फरसच्या काड्या विकून पाहिल्या, मजुरीही अधिक दिली. हेतू उत्तम, पण काडी महाग पडे. सज्जन गिऱ्हाइकांच्या बळावर तो कारखाना सुमारे दहा वर्षे तगला व बंद पडला. रोगाची वर्दी सरकारला दिलीच पाहिजे, असा कायदा इंग्लंडात १८९५ साली झाला. तो झाल्यावर १८९८ मध्ये असे उघडकीस आले की ब्रायंट अँड मे कंपनीने सतरा रोग्यांची वर्दी दिलीच नव्हती, आणि त्यांतील सहा जण मरण पावले होते. खटला झाला. दंड व खर्च मिळून पंचवीस पौंड नऊ शिलिंग!

त्याच वर्षी फ्रान्समध्ये सेव्हेन व काहँ या दोघांनी फॉस्फरस व गंधक यांचे एक संयुग काडीत वापरून दाखविले. ही काडी कोठेही पेटे, आणि तिच्यापासून तो रोग होत नसे. फ्रान्सच्या सरकारी कारखान्यांनी ती तत्काळ स्वीकारली. तत्परतेचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तेथे काड्यांच्या धंद्याची मक्तेदारी सरकारकडेच होती. आजारी कामगारांचा खर्च व त्यांच्या संपांचा ताप थेट सरकारी तिजोरीला सोसावा लागे. ज्याच्या हाती बदल करणे होते, त्याच्याच खिशाला चाट बसत होती. अन्यत्र हे दोन निराळे पक्ष होते.

फिनलंडने १८७२ साली व डेन्मार्कने १८७४ साली पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घातली होती, पण मोठी राष्ट्रे परस्परांकडे बोट दाखवीत. आपण बंदी घातली तर शेजारी देश स्वस्त काडी विकून बाजार काबीज करील, हा युक्तिवाद प्रत्येकाच्या तोंडी. तो खोटा नव्हता, म्हणूनच तो एकट्याने सुटणारा नव्हता. अखेर १९०६ साली स्वित्झर्लंडची राजधानी बर्न येथे जर्मनी, फ्रान्स, इटली आदी राष्ट्रांनी एकत्र करार करून अशा काड्यांचे उत्पादन, आयात व विक्री यांस बंदी केली. ब्रिटनने १९०८ साली तसा कायदा केला. अमेरिकेत मध्यवर्ती सरकारला सरळ बंदी घालणे घटनेमुळे अवघड होते, म्हणून १९१२ साली शंभर काड्यांमागे दोन सेंट कर बसवून ती काडी महाग करून टाकली; तत्पूर्वी तेथील डायमंड कंपनीने निर्धोक काडीचे आपले पेटंट इतर कारखानदारांना मोकळे केले होते. हिंदुस्थानात ‘पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांच्या प्रतिबंधाचा कायदा’ १९१३ साली झाला. तेव्हा येथील बाजारात स्वीडन व जपान येथून आलेल्या काड्यांचाच भरणा होता. पुढे १९२३ साली स्वीडिश भांडवलाची ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ स्थापन होऊन अंबरनाथला कारखाना निघाला, तेव्हा हा कायदा दहा वर्षांचा झाला होता. म्हणून इकडच्या काडी-कामगाराला आग व स्फोट यांचे भय राहिले, पण जबड्याच्या या व्याधीशी त्याची गाठ पडली नाही.

लोरिन्सरच्या लेखापासून बर्नच्या करारापर्यंत एकसष्ट वर्षे गेली. इंग्लंडचे पहिले वैद्यकीय कारखाना-निरीक्षक सर टॉमस लेग यांनी अशा व्याधींचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचे मत थोडक्यात असे, की कामगाराने हात धुवावेत, तोंड झाकावे, दात स्वच्छ ठेवावेत या उपदेशाने फारसे साधत नाही. ज्या उपायाची अंमलबजावणी कामगाराच्या सावधपणावर अवलंबून नाही, तोच टिकतो. या मताची किंमतही त्यांनी मोजली. इमारतींच्या रंगातील पांढऱ्या शिशाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार ब्रिटिश सरकारने मान्य केला नाही, तेव्हा १९२६ साली त्यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला.

इजेला दिवस नसण्याची जी अडचण वर सांगितली, तिच्यावर कायद्याने एक तोड काढली आहे. हिंदुस्थानातील १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात शिसे, फॉस्फरस इत्यादींच्या विषबाधेचे परिशिष्ट जोडण्यात आले. अशा कामावर सलग सहा महिने असलेल्या माणसाला तो रोग जडला, तर तो कामामुळेच झाला असे धरून चालावयाचे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. १९४८ च्या कारखाने कायद्याने अशा रोगांची वर्दी देण्याचे कर्तव्य मालकाबरोबर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही टाकले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन घातक द्रव्ये हाताळणाऱ्या कामगारांच्या प्रकृतीची नोंद ठेवणे व ती त्यांना पाहावयास देणे मालकांवर बंधनकारक करण्यात आले.

परंतु वर्दी देणार ती रोग ओळखला तर. इटलीतील रामाझिनी या वैद्याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वैद्यांना एक सूचना केली होती, की रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारावे. शहरातील गजबजलेल्या दवाखान्यात हा प्रश्न विचारला जाईलच असे नाही. ठाणे-बेलापूर, तारापूर, महाड, लोटे येथील रासायनिक कारखान्यांत ज्यांच्या घरची तरुण माणसे आहेत त्यांनी तो विचारला जाण्याची वाट पाहू नये. पिंपावर लिहिलेले द्रव्याचे नाव, कोणत्या विभागात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले, त्या अवधीत झालेल्या तपासण्यांचे कागद, एवढे एका वहीत घरी असावे. कारखाना सोडतानाच या नोंदींची नक्कल मागून घ्यावी. पाच-दहा वर्षांनी दुखणे उद्भवले, तर तोवर कारखान्याचे नाव, मालक आणि कधीकधी जागाही बदललेली असते.